वाट किती पाहावी? : सर्व्हिस मेशमधील शिष्टाचारांचा विचार

दुसऱ्याने उत्तर दिले नाही तर किती वेळ थांबावे, या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देण्याची वेळ मानवी समाजावर सहसा येत नाही. ‘आलोच’ या शब्दात किती मिनिटे मावतात, ‘बघतो’ या आश्वासनाची मुदत कधी संपते, आणि न उचललेला फोन कितव्यांदा लावला की चौकशीचे रूपांतर छळात होते, हे सर्व मराठी भाषेने पिढ्यान्‌पिढ्या मोघम ठेवले असून त्या मोघमपणावरच नातेसंबंध, गृहनिर्माण संस्था आणि कार्यालये आजवर तरलेली आहेत. गेल्या दशकात मात्र संगणक अभियंत्यांच्या एका वर्गावर हा मोघमपणा सोडण्याची पाळी आली. थांबायचे ते किती सेकंद, विचारायचे ते किती वेळा, नाद कधी सोडायचा आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, याची लेखी नियमावली त्यांना करावी लागते. आणि तीही माणसांसाठी नव्हे, तर एकमेकांशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी. या नियमावलीला ट्रॅफिक पॉलिसी, म्हणजे वाहतूक-धोरण, असे म्हणतात. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘वाहतूक’ या शब्दाने जे दृश्य उभे राहील त्याचा या धोरणाशी संबंध नाही, जरी हे धोरण लिहिणारी व्यक्ती अनेकदा त्या दृश्यातूनच वाट काढत कार्यालयात पोहोचलेली असते.

विषयाची पार्श्वभूमी अशी. मोठा प्रोग्रॅम एकसंध न लिहिता त्याचे लहान लहान स्वतंत्र तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याने एकच काम नीट करावे आणि बाकीच्या कामांसाठी शेजारच्या तुकड्याला नेटवर्कवरून विचारावे, या रचनेला मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात, आणि अशा प्रत्येक तुकड्याला सर्व्हिस. एकसंध प्रोग्रॅममध्ये एका भागाने दुसऱ्याला हाक मारली की ती ऐकू जातेच, कारण दोघेही एकाच यंत्राच्या मेमरीत राहतात. तुकडे वेगवेगळ्या यंत्रांवर राहायला गेले की हाकेची जागा निरोप घेतो, आणि निरोपाचे वाटेत काय काय होऊ शकते हे ज्याने कधी शेजारच्या मुलाकरवी निरोप धाडला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. सन मायक्रोसिस्टिम्समधील पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास अशा विखुरलेल्या व्यवस्था बांधणाऱ्यांच्या भ्रमांची एक यादी केली. नेटवर्क भरवशाचे असते, हा त्यातील पहिला भ्रम; निरोप पोहोचायला वेळ लागत नाही, हा दुसरा. ही यादी आता या व्यवसायातील बहुतेकांना पाठ आहे, आणि ती पाठ असल्यामुळे आपल्याला ते भ्रम नाहीत, असा एक नवा भ्रम तिच्यात बेरजेला धरावा लागतो.

आरंभीच्या काळात निरोपाची काळजी प्रत्येक सर्व्हिसच्या लेखकाने आपापल्या प्रोग्रॅममध्ये घेतली. त्याचा परिणाम असा झाला की एक सर्व्हिस उत्तरासाठी दोन सेकंद थांबे, दुसरी दोन मिनिटे थांबे, आणि तिसरीच्या लेखकाला थांबावे लागते हेच ठाऊक नसल्यामुळे ती कायमची थांबे. यावर उपाय म्हणून शिष्टाचाराचा सारा भाग सर्व्हिसच्या अंगातून काढून तिच्या शेजारी बसवलेल्या एका मुखत्याराकडे सोपवण्यात आला. हा मुखत्यार म्हणजे प्रॉक्सी. सर्व्हिस जे बोलेल ते त्याच्याकरवी, आणि तिच्यापर्यंत जे येईल तेही त्याच्याकरवी. अशा मुखत्यारांचे जे जाळे सर्व सर्व्हिसेसभोवती तयार होते ते सर्व्हिस मेश. या क्षेत्रात लिंकरडी हा प्रकल्प २०१६ मध्येच अवतरला होता. २०१७ च्या मे महिन्यात गूगल, आयबीएम आणि लिफ्ट या कंपन्यांनी इस्टिओ हा प्रकल्प जाहीर केला, आणि मुखत्याराच्या जागी लिफ्टमध्येच घडलेला एन्व्हॉय हा प्रॉक्सी नेमला. तुकड्यांना यंत्रांवर बसवणाऱ्या कुबरनेटिस या व्यवस्थेचे नाव ग्रीक असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा असा होतो; इस्टिओ म्हणजे ग्रीकमध्ये शीड; आणि एन्व्हॉय म्हणजे पेशवाईच्या कागदपत्रांत ज्याला वकील म्हणत तो, परक्या दरबारी धन्याची बाजू मांडणारा आणि तेथील खडान्‌खडा बातमी धन्याला लिहून कळवणारा दूत. एवढे नौकानयन आणि एवढी मुत्सद्देगिरी कशासाठी, असे विचारल्यास बहुधा एका ग्राहकाला एका पुस्तकाचे पान दाखवण्यासाठी, असे उत्तर द्यावे लागते; त्याचा तपशील पुढे येईलच.

सर्व्हिसशेजारी बसवलेल्या या प्रॉक्सीला साइडकार म्हणतात, आणि ही उपमा मोटारसायकलला जोडलेल्या बाजूगाडीवरून घेतलेली आहे. ‘शोले’ या १९७५ च्या चित्रपटातील मैत्रीच्या गाण्यात ही बाजूगाडी मोटारसायकलपासून सुटते, काही काळ स्वतंत्र धावते आणि पुन्हा येऊन जुळते. कुबरनेटिसमध्ये पुन्हा जुळण्याची हमी कित्येक वर्षे नव्हती. साइडकार जागा होण्यापूर्वीच सर्व्हिसने बोलायला सुरुवात केली तर तिचा पहिला निरोप कोणाच्याच हाती पडत नसे. उलट, रात्री एकदा चालून संपणारे काम उरकल्यावर सर्व्हिस निघून जाई, पण तिचा साइडकार तेथेच बसून राही, आणि एक जण अजून कामावर हजर आहे म्हणून कुबरनेटिस ते काम संपले असे मानीतच नसे. साहेब निवृत्त झाले तरी त्यांच्या केबिनबाहेरच्या स्टुलावर शिपाई बसून आहे आणि तो बसून आहे म्हणून साहेब आत आहेत असे सर्वजण धरून चालले आहेत, असा हा प्रकार होता. कुबरनेटिसने साइडकारला अधिकृत दर्जा देण्यास आरंभ केला तो २०२३ मध्ये. तोवर शिपायाला उठवण्याच्या खटपटी ज्याने त्याने आपापल्या परीने केल्या.

सर्व्हिसला मात्र आपल्याला वकील नेमला आहे याचा पत्ताही नसतो. ती सरळ पलीकडच्या सर्व्हिसचे नाव घेऊन बोलते, आणि यंत्राच्या नेटवर्क-नियमांत आधीच केलेल्या फेरफारामुळे तिचा प्रत्येक शब्द परस्पर वकिलाच्या हाती वळवला जातो. येथे एक तात्त्विक अडचण उद्भवते. बाहेर जाणारा प्रत्येक निरोप वकिलाकडे वळवायचा, हा नियम असेल, तर वकिलाने स्वतः बाहेर धाडलेला निरोपही पुन्हा त्याच्याकडेच येईल आणि तो स्वतःशीच अखंड पत्रव्यवहार करीत राहील. ही अडचण टाळण्यासाठी इस्टिओमध्ये वकिलाला १३३७ हा वापरकर्ता-क्रमांक दिलेला असून त्या क्रमांकाने धाडलेल्या निरोपांना नियमातून सूट आहे. संगणकी टवाळखोरांच्या सांकेतिक लिपीत १३३७ हे आकडे ‘उच्चभ्रू’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासाठी वापरतात. नियम राबवणारा नियमातून मुक्त असावा, ही जुनीच गोष्ट आहे. त्याला तसा बिल्लाही द्यावा, ही सुधारणा म्हणावी लागेल.

आता प्रत्यक्ष धोरणाकडे वळता येईल. इस्टिओमध्ये ते प्रामुख्याने दोन कागदांत लिहिले जाते. व्हर्च्युअल सर्व्हिस नावाचा कागद निरोप कोणाकडे जावा हे ठरवतो. डेस्टिनेशन रूल नावाचा कागद, तो कोणाकडे जावा हे ठरल्यानंतर, तेथे कसे वागावे हे ठरवतो. पहिल्या कागदातील कलमे वरून खाली वाचली जातात आणि जे कलम प्रथम लागू पडेल तेच अंतिम मानले जाते, त्यामुळे सर्वांना लागू पडणारे कलम कोणी सर्वांत वर लिहिले तर खालची सगळी कलमे शोभेपुरती उरतात. शिवाय एका सर्व्हिसच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना नावे देण्याचे काम दुसऱ्या कागदाचे आणि त्या नावांकडे निरोप पाठवण्याचे काम पहिल्याचे असल्यामुळे पहिला कागद आधी लागू झाला आणि दुसरा राहून गेला, तर निरोप अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर जातात व विचारणाऱ्याला ५०३ हा आकडा, म्हणजे ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ हे उत्तर मिळते. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर कार्यालय बुक करायचे राहिल्याचे लक्षात येते, तेव्हा पाहुण्यांना जे उत्तर मिळते ते हेच.

या कागदांचे शिक्षण देण्यासाठी इस्टिओच्या कर्त्यांनी बुकइन्फो नावाचा एक नमुना तयार केला आहे. त्यात एका पुस्तकाची माहिती देणारे एकच पान असून ते दाखवण्यासाठी चार सर्व्हिसेस राबतात: पान मांडणारी पायथनमध्ये, पुस्तकाचा तपशील देणारी रुबीमध्ये, परीक्षणे देणारी जावामध्ये आणि तारांकने देणारी नोड-जेएसमध्ये लिहिलेली आहे. परीक्षणांच्या सर्व्हिसच्या तीन आवृत्त्या एकाच वेळी चालू असतात. पहिली तारे दाखवीत नाही, दुसरी काळे दाखवते आणि तिसरी लाल. धोरण लिहिलेले नसेल तर पान ताजे करावे तसे तारे कधी गायब होतात, कधी काळे उगवतात, कधी लाल, आणि वाचकाला हे पुस्तकाविषयीचे मतभेद वाटतात. दाखवले जाणारे पुस्तक आहे शेक्सपिअरचे ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’, ज्याच्यावरून १९८२ चा ‘अंगूर’ हा चित्रपट आला आणि ज्यात जुळ्या धन्यांचे व जुळ्या नोकरांचे निरोप सतत भलत्याच जोडीकडे पोहोचतात. हुबेहूब दिसणाऱ्या तीन आवृत्त्यांतून योग्य ती निवडण्याचा धडा देण्यासाठी याहून चपखल पुस्तक मिळाले नसते. या पानावर जेसन या नावाने प्रवेश करणाऱ्याला नेहमी काळे तारे दाखवावेत आणि इतरांना मुळीच दाखवू नयेत, असे कलम या नमुन्याच्या अभ्यासात लिहावे लागते. एका माणसासाठी वेगळा नियम करण्याची गरज ज्या समाजाला पडली नाही असा समाज विरळा, पण त्या माणसाचे नाव नियमातच लिहिण्याचा प्रामाणिकपणा मात्र येथेच आढळतो.

याच कागदात टक्केवारीही लिहिता येते. नवी आवृत्ती चांगली आहे की नाही हे ठाऊक नसेल तर शंभरातले नव्वद निरोप जुनीकडे आणि दहा नवीकडे पाठवावेत, काही बिघडले नाही तर प्रमाण हळूहळू वाढवावे, या रीतीला कॅनरी म्हणतात. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कामगार कॅनरी पक्षी सोबत नेत असत आणि ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. पक्षी मलूल झाला की कामगार बाहेर पडत. संगणकी कॅनरीत फरक एवढाच की येथे पक्ष्याची भूमिका ग्राहक करतो. आपण खाणीत उतरलो आहोत याची कल्पना पक्ष्याला नसे, तशी ती ग्राहकालाही नसते.

वाट पाहण्याच्या मर्यादेला टाइमआउट म्हणतात, आणि प्रस्तुत विषयाचे मर्म याच कलमात आहे. इस्टिओमध्ये मुद्दाम बिघाड घडवून आणण्याची सोय आहे. बुकइन्फोच्या अभ्यासात जेसनच्या बाबतीत परीक्षणे आणि तारांकने यांच्यामध्ये सात सेकंदांचा विलंब घातला जातो. परीक्षणांच्या सर्व्हिसने तारांकनांसाठी दहा सेकंद थांबावे असे तिच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असल्यामुळे सात सेकंद उशीर झाला तरी सारे सुरळीत पार पडावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पानावर परीक्षणे उपलब्ध नसल्याचा दिलगिरीचा मजकूर झळकतो, कारण पान मांडणारी सर्व्हिस परीक्षणांसाठी तीन सेकंद थांबते, आणखी एकदा विचारून पुन्हा तीन सेकंद थांबते, आणि सहाव्या सेकंदाला ताट उचलून मोकळी होते. आतली सर्व्हिस पुढचा एक सेकंद मन लावून काम करते आणि सातव्या सेकंदाला तारे घेऊन बाहेर येते, तेव्हा ते घ्यायला कोणी उभे नसते. दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या लेखकांनी, एकमेकांना न विचारता, आपापल्या प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवल्या, हे या बिघाडाचे कारण. आणि आतल्याने बाहेरच्यापेक्षा कमी वेळ थांबावे, हा त्यातून निघणारा सिद्धान्त. तिसऱ्या आवृत्तीत दहा सेकंदांचे अडीच करून ही चूक सुधारलेली आहे. मुख्यालयाने अहवाल सोमवारी मागायचा, विभागीय कार्यालयाने तो तालुक्याकडे बुधवारपर्यंत मागायचा आणि तालुक्याने शुक्रवारी अत्यंत परिपूर्ण अहवाल सादर करायचा, ही रीत ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना हा सिद्धान्त नवा वाटणार नाही. तो सेकंदांत मोजता येतो, हे मात्र नवे वाटेल.

उत्तर आले नाही तर पुन्हा विचारणे याला रीट्राय म्हणतात, आणि त्याचे शास्त्र पंगतीतल्या आग्रहाच्या शास्त्राहून फारसे भिन्न नाही. एकदा विचारून सोडून देणारा यजमान कोरडा समजला जातो, आणि दहादा विचारणारा जीवघेणा. तीनदा विचारावे हे बहुतेकांना वाजवी वाटते, आणि येथेच गणित घात करते. समजा, पहिली सर्व्हिस दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी चौथीला विचारते, आणि प्रत्येकीने जास्तीत जास्त तीनदा प्रयत्न करावा असे सर्वांनी आपापल्या ठिकाणी शहाणपणाने ठरवले आहे. चौथी आजारी पडली की तिसरी तिला तीनदा विचारते. तिसरीकडून नकार आला म्हणून दुसरी तिसरीला तीनदा विचारते. दुसरीकडून नकार आला म्हणून पहिली दुसरीला तीनदा विचारते. आणि ग्राहकाच्या एका विनंतीपायी चौथीच्या दारात २७ विनंत्या येऊन उभ्या राहतात. पोट बिघडले म्हणून जो नको म्हणत होता त्याच्याच पानात २७ जिलब्या पडाव्यात, तसे हे होते, आणि वाढणाऱ्यांपैकी प्रत्येक जण आपण तीनच वाढल्या असे शपथेवर सांगू शकतो. या आपत्तीला रीट्राय-वादळ म्हणतात. लिंकरडीने त्यावर अंदाजपत्रकाचा उपाय शोधला: दर विनंतीमागे किती प्रयत्न, असे न मोजता, मूळ विनंत्यांच्या साधारणपणे २० टक्क्यांपर्यंतच फेरविनंत्या एकूण मिळून होऊ द्याव्यात, आणि वर्दळ अगदीच तुरळक असेल तर सेकंदाला १० ची किमान मुभा ठेवावी. आग्रहाची मर्यादा पानागणिक न ठरवता पंगतीगणिक ठरवण्याची ही कल्पना कोणत्याही मंगल कार्यालयाने विचारात घ्यावी अशी आहे.

फेरविनंतीत आणखी एक खोच आहे. लिफ्टचे बटण दहा वेळा दाबले तरी लिफ्ट एकदाच येते. ज्या कामाची पुनरावृत्ती केली तरी परिणाम एकदाच होतो, त्याला इडेम्पोटंट म्हणतात, आणि अशा कामासाठी कितीही रीट्राय केले तरी फक्त गर्दी वाढते. पैसे पाठवण्याचे काम तसे नाही. पोच आली नाही याचा अर्थ मनीऑर्डर पोहोचली नाही असा होत नाही, पोच वाटेत हरवली असाही होतो; आणि हे न जाणणाऱ्या मुखत्याराने उत्साहाच्या भरात पुन्हा तीच रक्कम पाठवली तर त्याच्या तत्परतेचे कौतुक फक्त पैसे घेणारा करतो. कोणते काम पुन्हा करण्याजोगे आहे हे सर्व्हिसच्या लेखकाला ठाऊक असते, फेरविनंतीचे कलम लिहिणाऱ्याला बहुधा नसते, आणि हे दोघे एकाच मजल्यावर बसत असतील तर तो केवळ योगायोग समजावा.

सतत चुका करणाऱ्या सर्व्हिसचे काय करावे, याबाबत मेशचे मत कठोर आहे. एका सर्व्हिसच्या अनेक प्रती चालू असतात आणि प्रत्येक प्रतीला पॉड म्हणतात, असे स्थूलमानाने समजावे. आउटलायर डिटेक्शन हे कलम धोरणात घातले, आणि त्यातील आकडे स्वतः न भरता इस्टिओवर सोडले, तर लागोपाठ पाच वेळा चुकीचे उत्तर देणाऱ्या पॉडला ३० सेकंदांसाठी वाळीत टाकले जाते. तो परत येऊन पुन्हा तसाच वागला तर बहिष्काराचा काळ त्याच्या अपराधसंख्येच्या पटीत वाढत जातो. सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला, पण त्यात पॉडचा समावेश नाही. तरीही मेशची पंचायत एका बाबतीत सौम्य म्हणावी लागेल: एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक सदस्यांना वाळीत टाकू नये, अशी मर्यादा तिने स्वतःवर घालून घेतली आहे, कारण सगळेच बाहेर काढले तर पाणी भरायला कोण राहणार, हा विचार तिला सुचलेला आहे. एन्व्हॉयच्या मूळ व्यवस्थेत तर निम्म्याहून कमी पॉड धडधाकट उरले की आजारी आणि निरोगी हा भेदच सोडून सर्वांना सारखे काम वाटले जाते, आणि या अवस्थेला अधिकृतपणे घबराट असेच नाव आहे. इस्टिओने हे घबराटीचे कलम आपणहून बंद ठेवले आहे. ज्याला घाबरायचे असेल त्याने ते लेखी द्यावे, अशी त्याची भूमिका दिसते.

काम वाटण्याच्या पद्धतीला लोड बॅलन्सिंग म्हणतात, आणि इस्टिओची नेहमीची पद्धत मोठी समंजस आहे: सर्व पॉडांची चौकशी करीत न बसता यदृच्छेने दोन निवडावेत आणि त्या दोहोंपैकी ज्याच्यापुढे कमी विनंत्या तुंबल्या आहेत त्याच्याकडे जावे. तिकिटाच्या खिडकीवर सगळ्या रांगा मोजणारा मनुष्य मोजेपर्यंत मागे पडतो, दोन पाहून लहानीत शिरणारा पुढे सरकतो, हे शहाणपण त्यात आहे. पण जो पॉड आजारी असून प्रत्येक विनंतीला क्षणार्धात नकार देतो त्याच्यापुढे कधीच रांग साचत नाही, आणि म्हणून तो या पद्धतीला सर्वांत मोकळा व कार्यक्षम दिसतो. ‘उद्या या’ एवढेच सांगणाऱ्या कारकुनाचे टेबल कार्यालयात सर्वांत स्वच्छ असावे आणि म्हणून नव्या साहेबांनी सगळी कामे त्याच्याकडेच पाठवावीत, हा अनुभव प्रोग्रॅमांच्या जगातही चुकलेला नाही.

उरला प्रश्न दाराचा. दारावर थाप पडली की ‘कोण आहे?’ असे विचारावे आणि बाहेरून ‘मी!’ असे उत्तर यावे, ही मराठी घरांतील ओळख पटवण्याची सर्वमान्य पद्धत आहे. मेशमध्ये तिच्या जागी परस्पर-टीएलएस आहे: दोन्ही बाजूंचे वकील एकमेकांना सहीशिक्क्याचे ओळखपत्र दाखवतात, ते पटले तरच बोलतात आणि जे बोलतात ते सांकेतिक लिपीत बोलतात. इस्टिओमधील ओळखपत्राची मुदत सामान्यतः २४ तासांची असून ते त्याआधीच आपोआप नवे करून मिळते. नव्याने येणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून आरंभी जी सवलतीची अवस्था लागू असते तिच्यात ओळखपत्र दाखवणाऱ्यालाही आत घेतात आणि नुसते ‘मी!’ म्हणणाऱ्यालाही घेतात. सोसायटीच्या फाटकावर नोंदवही असावी, सही करणाऱ्याची सही घ्यावी आणि न करणाऱ्याला हात दाखवून सोडून द्यावे, तशी ही अवस्था आहे; ती तात्पुरती असावी, असा संकल्प असतो.

आत आल्यावर कोणी काय करावे, हे ऑथरायझेशन पॉलिसी या कागदात लिहितात, आणि त्याच्या तर्कशास्त्रापुढे नव्यन्यायाचे पंडितही क्षणभर थबकतील. कागदच नसेल तर सर्वांना सर्व काही करण्याची मोकळीक असते. एका सर्व्हिसला परवानगी देणारा एक कागद लावला की उरलेल्या सर्वांची परवानगी त्याच क्षणी जाते, जणू पत्रिकेवर एका पाहुण्याचे नाव लिहिताच बाकी सारे गाव आगंतुक ठरावे. नियमांची जागा मोकळी सोडून नुसता रिकामा महिरपी कंस लिहिला तर त्याचा अर्थ ‘कोणालाही नाही’ असा होतो. तोच रिकामा कंस नियमांच्या यादीत एका आडव्या रेघेपुढे लिहिला तर अर्थ होतो ‘सर्वांना’. हे कागद यामल नावाच्या लिपीत लिहितात, जिच्यात समासापासून सोडलेल्या रिकाम्या जागेलाही अर्थ असतो आणि यादीतील प्रत्येक नोंद आडव्या रेघेने सुरू होते. हिशेबाच्या सर्व्हिसने खातेवही फक्त वाचावी, अशा नियमात ‘कोण’ आणि ‘काय’ ही दोन पोटकलमे एका रेघेखाली येतात. दुसऱ्या पोटकलमापुढे चुकून आणखी एक रेघ पडली की एका नियमाचे दोन होतात, आणि हिशेबाच्या सर्व्हिसने वाटेल ते करावे व खातेवही वाटेल त्याने वाचावी, असा आदेश निघतो.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांविषयीच्या पत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ झाले आणि शनिवारवाड्यात खून पडला, अशी आख्यायिका आहे. त्या ‘ध’ चा ‘मा’ करण्यासाठी निदान एक अक्षर खोडून दुसरे, तेही कान्यासकट, लिहावे लागले. यामलमध्ये एक रेघ पुरते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की परस्पर-टीएलएसने ते पत्र वाचवले नसते. शिक्का, लखोटा आणि सांकेतिक लिपी ही वाटेतल्या हातांसाठी असतात. मजकूर धन्याच्या घरातच बदलला तर वकील तो बदललेला मजकूर अत्यंत सुरक्षितपणे, ओळखपत्र तपासून, दोनदा प्रयत्न करून पोहोचवतो.

सर्व्हिस मेशचा स्वतःचा इतिहासही या विषयाला साजेसा आहे. वकिलांना नियम वाटून देणारा इस्टिओचा मध्यवर्ती भाग आरंभी पायलट, सिटाडेल, गॅली अशा स्वतंत्र मायक्रोसर्व्हिसेसचा बनलेला होता. २०२० च्या मार्च महिन्यात आलेल्या १.५ या आवृत्तीत कर्त्यांनी त्या तुकड्यांचे काम इस्टिओडी नावाच्या एकाच प्रोग्रॅममध्ये आणले, कारण एकत्र बसवल्या जाणाऱ्या आणि एकाच गटाने सांभाळलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवण्यात कष्ट होते आणि लाभ नव्हता. साऱ्या जगाच्या विभक्त कुटुंबांचा सलोखा सांभाळणाऱ्याने स्वतःचे कुटुंब मात्र पुन्हा एकत्र केले. पुढे २०२२ मध्ये साइडकारविना चालणारी रचना जाहीर झाली आणि २०२४ अखेर ती स्थिर मानली गेली. तिच्यात दर सर्व्हिसमागे एक वकील न ठेवता सबंध वाड्याला मिळून एक पुरतो. खर्च वाचतो, हे खरे. धोरण लिहिण्याचे काम मात्र तसूभर कमी होत नाही.

आणि तेच या विवेचनाचे सार आहे. मेशने शिष्टाचार सर्व्हिसच्या अंगातून काढून कागदावर आणला, पण तो कोणी तरी ठरवावा लागतो ही गोष्ट मेशला दूर करता आली नाही. शिवाय ज्याने काहीच ठरवले नाही त्याचेही धोरण असतेच. ते त्याच्या वतीने दुसऱ्याने ठरवलेले असते. इस्टिओ बसवून एकही कागद न लिहिणाऱ्याचे धोरण असे असते: उत्तराची वाट पाहण्याला मर्यादा नाही, निरोप पोहोचला नाही तर आणखी दोनदा विचारावे, ओळख न सांगणाऱ्यालाही आत घ्यावे, आणि आत आलेल्याला कशालाच मज्जाव करू नये. एखाद्या जुन्या वाड्यातील पाहुणचाराचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. ज्यांच्या सर्व्हिसेस पाहुणचारासाठी चालत असतील त्यांनी हे धोरण खुशाल तसेच ठेवावे. ज्यांच्या पैशासाठी चालतात त्यांनी फाइल उघडावी, आणि रेघा मोजाव्यात.